पाच कोपऱ्यांचं स्वयंपाकघर

ता. ६ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
खारूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तीन महिन्यांत माझं पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. रागावला नसलात, तरी आईला तसं दाखवत असाल. फोन केला असता, पण रंध्याच्या मशीनने तुमच्या कानांचं काय करून ठेवलंय ते मला ठाऊक आहे, आणि मला जे हवंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानातलं काम जमायला लागलं. दिवसभर लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजते, तेव्हा सोबतच्या मापांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. महिन्यापूर्वी जागा बदलली. वरचा मजला, एक खोली आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघर म्हणजे नुसतं नाव आहे. आधीच्या भाडेकरूने तिथे सायकली ठेवल्या होत्या. घरमालकीण म्हणते, भिंती पाडू नकोस, बाकी हवं ते कर.

त्या खोलीला पाच कोपरे आहेत. तुमचा काटकोनाचा गुण्या एकाही कोपऱ्यात बसणार नाही. लांब भिंत नऊ फूट चार इंच, समोरची सहा फूट दोन. मधे जिन्याची भिंत तिरकी घुसलीय. छत खिडकीकडे उतरतं, तिथे उंची जेमतेम पाच फूट. एक दार खोलीतून येतं, दुसरं मागच्या जिन्यावर उघडतं.

तुम्ही आखून द्याल का? करून घेईन इथल्याच कुणाकडून. दोनच अटी आहेत. शेगडीशी उभं राहिलं की खोलीचं दार समोर दिसलं पाहिजे, आणि जिन्याचं दार बंद करायचं नाही.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं कळवा. लोभ असेल तसा असू द्या.

तुमची
खारू

&nbsp;

ता. १३ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी रागावलेलो नाही. तुझ्या आईला विचार.

मापं चांगली घेतली आहेस. फक्त खिडकीची चौकट जमिनीपासून किती उंच ते लिहायचं विसरलीस, म्हणजे मिलिमीटरवाल्या बाईंचा फूटभराचा घोळ झालाच. लहानपणी पलंगाखाली लाकडाचे तुकडे साठवायचीस तेव्हाही मोजताना एखादा विसरायचीसच. खार ती खारच.

अशा वाकड्या खोल्या मी अडतीस वर्षांत पुष्कळ सरळ केल्या. घाबरायचं कारण नाही. सोबत नकाशा आहे. ओटा लांब भिंतीला, शेगडी त्याच्या मधोमध, सिंक खिडकीखाली. उतरत्या छताखाली डबे. राहिलं जिन्याचं दार. ते दार त्या खोलीचा शत्रू आहे. त्याने तुझी सगळ्यात कामाची साडेतीन फूट भिंत खाल्ली. ते कायमचं बंद कर आणि तिथे जमिनीपासून छतापर्यंत कपाट घे. सहा जणांच्या घराचं सामान मावेल.

ओट्याची उंची मी चौतीस इंच धरली आहे. तुझ्यासाठी एकतीस पुरली असती, पण पुढेमागे दोघांना वापरायची झाली तर अडचण नको. जावईबापू मागच्या आठवड्यात येऊन गेले. फार उतरलेले दिसले. तासभर बसले, उलट शब्द काढला नाही. म्हणाले, तिचा राग गेला की येऊ दे, मी काही विचारणार नाही. मी तुला सांगत काहीच नाही. कानावर घालतो, एवढंच.

आईचा गुडघा थंडीत धरतो. तिचे आशीर्वाद. उत्तर धाड, तोवर इकडची माया आहेच.

बाबा

&nbsp;

ता. १९ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

नकाशा परत पाठवते आहे. फार सुबक आहे, कुणालाही आवडेल. मला तो नको.

शेगडी लांब भिंतीला लावली तर माझी पाठ दाराकडे होते. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. जिन्याचं दार राहणार, तेही लिहिलं होतं. कपाट मला नको. दोन पातेली, एक तवा, चार ताटल्या एवढाच माझा संसार आहे, तो एका फळीवर मावतो.

ओटा एकतीस इंच ठेवा. इथे मी एकटी राहणार आहे.

खिडकीची चौकट जमिनीपासून अडतीस इंच. चूक माझी.

एवढ्या अटींत आखणं जमत नसेल तर तसं कळवा, मी वाईट वाटून घेणार नाही. कोण येऊन गेलं ते मला पुन्हा कळवू नका. आईला नमस्कार.

आपली मुलगी

&nbsp;

ता. २५ फेब्रुवारी

चि. मुलीस,
आशीर्वाद.

जमत नाही असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, आणि ते पहिल्यांदा तुला म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघराला काही नियम असतात, ते मी केलेले नाहीत. शेगडी भिंतीला असते, कारण धूर वर जातो, नळी मागे लपते आणि बाईच्या हाताला सगळं लागतं. दारासमोर शेगडी आणलीस तर वाऱ्याने ज्योत फडफडेल. पाठीला वारा लागत असेल तर तसं सांग, पडदा लावता येईल. दोन दारांच्या मधे उभं राहून कुणी स्वयंपाक करतं का? ती काय चौकी आहे?

तुझ्या घरी मी हेच केलं होतं. लग्नात लोक भांडीकुंडी देतात, मी तुला अख्खं स्वयंपाकघर दिलं. दोन बाजूंनी ओटा, मधे सव्वादोन फुटांची वाट, जागेवरून न हलता फडताळापासून शेगडीपर्यंत हात पोचेल असं. लोक बघायला यायचे. पुढे तू बॅग घेऊन आठ दिवस इकडे आलीस, तेव्हा जावईबापूच म्हणाले की जागा अपुरी पडते म्हणून तिची चिडचिड होते. तुला पोचवायला आलो आणि तिथेच पाच दिवस राहून परसाचं दार बंद करून ते मोठं कपाट करून दिलं. अकरा वर्षांत तुझी एक तक्रार आली नाही. मग आता हे काय काढलंस?

कारण सांग. कारण कळल्याशिवाय मला रेघ ओढता येत नाही. राग शब्दांचा आहे, मनात धरू नकोस.

बाबा

&nbsp;

ता. ३ मार्च

तीर्थरूप बाबांस,
नमस्कार.

तुम्ही कारण विचारलंत. आजवर कुणी विचारलं नव्हतं, म्हणून लिहिते. हे पत्र आईला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

त्या स्वयंपाकघरात मी शेगडीकडे तोंड करून उभी असले की तो मागून कधी आला ते कळायचं नाही. पायांत चपला नसायच्या. भाजीत मीठ जास्त झालं, फोन कुणाचा होता, दूध उतू का गेलं, काहीही पुरायचं. आधी आवाज नसायचाच, आधी हात असायचा. मग तो वाटेच्या तोंडाशी उभा राहायचा. सव्वादोन फुटांत एका माणसाच्या बाजूने निसटता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सुरुवातीला परसाचं दार होतं. दोनदा मी त्या दाराने बाहेर गेले. पलीकडे शेजारच्या बाई कपडे वाळत घालत असायच्या, त्यांच्यासमोर तो काही करायचा नाही. थोडा वेळ मी तिथेच उगाच उभी राहायचे, त्याही काही विचारायच्या नाहीत, पण आत जायच्याही नाहीत. तिसऱ्यांदा गेले ती बॅग घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही आठव्या दिवशी मला पोचवायला आलात आणि ते दार बंद केलंत. तो तुम्हाला खिळे हातात देत होता. मी चहा करत होते.

त्यानंतर एका टोकाला तो असायचा आणि दुसऱ्या टोकाला तुमचं कपाट. असं चार वर्षं.

कपाट उत्तम झालं होतं, बाबा. त्याचा एकही कप्पा कधी अडकला नाही.

मी तेव्हा का बोलले नाही असं तुम्ही विचाराल. मी बोलले होते. त्या आठ दिवसांत दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, चौथ्या दिवशी तुम्हाला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात की दोन भांडी एकत्र आली की आवाज होतोच. मला वाटलं तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. पुन्हा मोठ्याने सांगायचा धीर झाला नाही.

म्हणून पाठ दाराकडे नको आणि जिन्याचं दार हवं. आता रेघ ओढता आली तर ओढा.

खारू

&nbsp;

ता. ९ मार्च

चि. खारूस,
आईचे आशीर्वाद, आणि आईला क्षमा करता आली तर बघ.

तुझं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं नाही. वाचून मेजावर ठेवलं आणि कारखान्यात जाऊन बसले. मशीन चालू नव्हती. मीच उचलून वाचलं.

काल सकाळी हे न सांगता गेले. खिशात मापाची फीत आणि पिशवीत स्क्रू काढायची हत्यारं. मी कुठे म्हणून विचारलं तर म्हणाले, जुनं काम बघून येतो. संध्याकाळी परत आले तेव्हा हातभर खरचटलेलं होतं आणि जेवायला बसले नाहीत. मी धसकलेच. विचारलं तर म्हणाले, कुणावर हात टाकला नाही, लाकडाने लागलं. बाकी ते तुला लिहितील. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतात आणि उठतात.

आता माझं. तू दुसऱ्या दिवशी मला सांगितलंस ते मला शब्दन् शब्द आठवतं. आपण धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होतो. तू एक टोक धरलं होतंस, मी दुसरं. तू सांगितलंस आणि मी म्हटलं की चादर नीट ताण, सुरकुती राहते. मला ऐकू आलं होतं, खारू. माझे कान चांगले आहेत. मी विचार केला की आता हिला ठेवून घेतलं तर पुढे काय, लोकांना काय सांगायचं, आणि हिच्या बाबांना हे कसं झेपेल. तुला कसं झेपत असेल हा विचार मागाहून आला, आणि तो आला तेव्हा तू गाडीत बसली होतीस. डबाही मीच भरून दिला होता.

मला पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. ह्यांना लिही. ह्यांची प्रकृती बरी दिसत नाही. मनात एवढीशी जागा असली तर राहू दे.

आई

&nbsp;

ता. १४ मार्च

चि. खारू,

आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू, म्हणून मायना सोडून देतो.

मी त्या घरी गेलो होतो. तो घरात होता. मला बघून हसला, बसा म्हणाला, चहा ठेवू का म्हणाला. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. फीत लावली. सव्वादोन फूट लिहिलं होतं मी तुला, प्रत्यक्षात दोन फूट दीड इंच भरलं. मीच ओट्याचा दगड पुढे काढला होता, चांगला दिसावा म्हणून.

मग मी ओट्याखालच्या झडपा उघडल्या. तू माझ्याकडून तीनदा बिजागऱ्या मागवल्या होत्यास. तिन्ही वेळा मी त्या पोस्टाने धाडल्या आणि वर लिहिलं की झडपेला धरून उठत-बसत जाऊ नये, लाकूड म्हणजे रेल्वेचा दांडा नव्हे. मला तो विनोद वाटला होता. खारू, बिजागरी वापरून सैल झाली तर स्क्रू हळूहळू बाहेर येतो आणि त्याचं भोक गोलच राहतं. तिथली भोकं एका अंगाला लांब फाटलेली आहेत. उघड्या झडपेवर बाजूने कुणी जोरात येऊन आदळल्याशिवाय लाकूड तसं फाटत नाही. हे मला जाग्यावर न जाता, बिजागरी मागवणाऱ्या तुझ्या पहिल्या पत्रावरून ओळखता यायला हवं होतं. बिजागरी अशी मोडतेच कशी, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. दुसऱ्या कुणाच्या घरातून असं पत्र आलं असतं तर मी विचारलं असतं.

मी कपाट काढायला घेतलं. तो मागे येऊन उभा राहिला, काय करताय म्हणाला. मी म्हटलं, माझ्या हातचं आहे, मी काढतो. तो वाटेच्या तोंडाशी तसाच उभा होता. मी एकदा मान वळवून बघितलं. मी पंच्याहत्तर किलोचा माणूस, हातात पेचकस, आणि मीही निसटायला जागा शोधली; मागे माझंच कपाट होतं. थोड्या वेळाने तो बाहेरच्या खोलीत गेला आणि कुणाला तरी फोनवर म्हणाला की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी दुपारपर्यंत कपाट उतरवलं, खिळे उपटले आणि दार उघडलं. बाहेर परसात कुणी नव्हतं. आता त्या दाराचा कुणालाच उपयोग नाही, हे मला कळतं. तरी उघडलं.

तू चौथ्या दिवशी सांगितलंस तेव्हा मशीन बंद होती. मला नीट ऐकू आलं होतं. आणखी काही लिहीत नाही.

नवा नकाशा सोबत आहे. ओटा भिंतीपासून सोडवला आहे. तीन फूट लांब, वीस इंच रुंद, उंची एकतीस, मधोमध टेबलासारखा उभा. त्याच्या दोन्ही टोकांशी तीन-तीन फूट मोकळे. तू लांब भिंतीकडे पाठ करून उभी राहशील. मागे फक्त भिंत. खोलीचं दार समोर, जिन्याचं दार उजव्या हाताला चार पावलांवर, त्याला आतून कडी. सिंक खिडकीखाली नको, तिथे पुन्हा पाठ वळते, ते जिन्याच्या भिंतीला आडवं घेतलं आहे. गॅसची नळी जमिनीतून येईल. वाऱ्याला शेगडीपुढे काचेची पट्टी.

हे दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये असं मला वाटतं. येऊ का? नको म्हणालीस तर मापं मोठ्या कागदावर काढून धाडतो. कपाटाच्या फळ्या आणल्या आहेत, सागवान उत्तम आहे, चालत असेल तर त्यातच होईल. तुला पटेल तेवढंच कर, आमच्यासाठी काही करू नकोस.

बाबा

&nbsp;

ता. २० मार्च

ती. बाबांस,
नमस्कार.

नकाशा बरोबर आहे. पहिल्यांदाच बरोबर आहे.

या. पण त्या कपाटाची एकही फळी आणू नका. लाकूड इथे मिळतं.

माझ्या घरी काही गोष्टी पाळाव्या लागतील. खोलीतून खोलीत येताना आधी आवाज द्या. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, प्रेमानेही. ठोकाठोकी मी दुकानात असताना करा. मी बोलले नाही तर बोलायला लावू नका, आणि माफी मागू नका. तुम्ही मागितलीत की मला काहीतरी म्हणावं लागेल, आणि ते अजून माझ्याकडे नाही.

झोपायला खोलीत गादी घालीन. आईला लिहायला घेतलं होतं, दोन ओळींपुढे गेलं नाही. तिला सांगा की सुरुवात केली आहे.

खारू

&nbsp;

ता. २ एप्रिल

सौ. हिस,

तुला पत्र लिहायची पाळी चाळीस वर्षांत आली नाही, त्यामुळे काय मायना घालायचा ते कळेना. तुझा गुडघा बरा असावा.

काम आज पुरं झालं. नऊ दिवस लागले, पूर्वी पाच पुरले असते. पोर वाळली आहे, पण जेवते. सकाळी दुकानात जाते, सहाला येते. ती गेल्यावर मी ठोकायचं काम उरकतो, ती आल्यावर फक्त पॉलिशपेपर. पहिल्या दिवशी मी आवाज द्यायचा विसरून पाण्याला आत गेलो. तिच्या हातातली ताटली खाली पडली. तिने काच गोळा केली. मला तिच्याकडे बघवेना. तेव्हापासून मी दाराबाहेरूनच खोकतो, आणि नाव घेऊन सांगतो की मी येतोय. आता सवय झाली. आपल्या घरीही तसंच करीन की काय कोण जाणे.

बोलणं फार झालं नाही. कधी ती दुकानातल्या गिऱ्हाइकांचं सांगते, एक आजोबा रोज येऊन चष्म्याची दांडी घट्ट करून घेतात असं म्हणाली. मी हसलो. ती नाही हसली, पण सांगितलं तरी. तुझं नाव एकदा निघालं. ती म्हणाली, आई चादरीचं लिहील असं वाटलं नव्हतं.

आज संध्याकाळी सगळं झाडून पुसून झाल्यावर तिने शेगडी पेटवून बघितली. ज्योत हलत नाही. मग बंद केली आणि मला म्हणाली की बाबा, खोलीच्या दारात उभे राहा. मी राहिलो. म्हणाली, असे नाही, हात पसरून, चौकट धरून. कुणासारखं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मी चौकट धरली. ती ओट्यामागे उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि ती मला बघत नव्हती. नंतर म्हणाली, आता आत या, एकदम. मी तिला म्हटलं की हे मला सांगू नकोस. ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला सांगू.

मग मी गेलो. डाव्या टोकाने गेलो, जोरात, जसा तो जात असेल तसा. ती उजव्या टोकाने निघाली, चार पावलं, कडी सरकवली आणि दाराबाहेर. तिची पावलं जिन्यावरून खाली खाली जाताना मला चांगली ऐकू आली. खालचं दार वाजलं. मी खिडकीतून वाकून बघितलं, छत डोक्याला लागलं. ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी होती, लोकांच्यात, आणि वर बघत होती. मी हात केला. तिने केला नाही.

ती परत यायला पंधरा मिनिटं गेली असतील. तोवर मी तिथेच होतो, तिच्या ओट्याच्या चुकीच्या बाजूला. जागा बदलायचं मला सुचलं नाही. आली तेव्हा दाराबाहेरून तिनेच मला आवाज दिला. म्हणाली, होतंय, बाबा. जाता येतं. आणि चहा ठेवला.

उद्या दुपारच्या गाडीने निघतो. ती पोचवायला येणार नाही, दुकान आहे. मी परत कधी यायचं ते ती कळवणार आहे, आणि नाही कळवलं तर आपण विचारायचं नाही, असं मी ठरवलं आहे. तूही ठरव.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क आपल्या दोघांनाही उरलेला नाही, तरी एकमेकांवर तरी ठेवू.

तुझा

ता. क. ओट्याची उंची एकतीस बरोबर आली. तिचे हात सरळ राहतात.